सामाजी हसाजी दिवेकर

हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या माळशिरसकडचेच कुणी जुने पाटील वाटले. निघाले सॅम्युअल एझिकेल. कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. १७९६ साली त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याचं नाव 'शार हारहमीम', दयेचं दार.

हिब्रूत 'एल' म्हणजे देव. शमुएलमध्ये तो आहे, यहेज्केलमध्येही. यहेज्केल म्हणजे 'देव बळ देतो'. ही नावं मराठी तोंडी रुळली तेव्हा शेवटचा 'एल' गळाला आणि तिथं 'जी' बसला, शिवाजी-तानाजीतला. आडनाव गावावरून आलं. मधलं वडिलांचं नाव मात्र बदलावं लागलं नाही, कारण हिब्रूतही माणसाची ओळख 'अमक्याचा मुलगा' अशीच.

मग देव कुठे गेला? हे लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. नावातून गळलेला देव त्यांनी सुट्टीच्या दिवसात जपला होता.

ऑफिसात माझं नाव दोन अक्षरांवर आलंय. माझा शनिवार कोणता, ते मी अजून शोधतोय.