प्रतिसरकारचा भूगोल

सातारचे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात टिकले. त्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाबरोबरच भूमीचाही वाटा होता. त्या काळी आजच्या सांगलीतील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. कृष्णा, वारणा, येरळाकाठची गावे भूमिगतांना भाकरी देत; शिराळ्याचे आणि सागरेश्वराचे डोंगर आसरा देत. ब्रिटिश मुलखाला लागून असलेले कुंडल औंध संस्थानात होते. तेथे इंग्रजांचा थेट अंमल नव्हता. याच खोऱ्यात, शेणोलीजवळ, ७ जून १९४३ रोजी भूमिगतांनी सरकारी पगाराची रेल्वेगाडी लुटली. मात्र गावांनी पोलिसांना खबर दिली असती, तर हेच डोंगर सापळा ठरले असते.