कानपूरची रात्रपाळी

साल १९६४, एप्रिल सरत आलाय. कानपूरबाहेर कल्याणपूरला, ग्रँड ट्रंक रोडच्या कडेला अर्धवट बांधलेल्या कॅम्पसवर तुम्ही उभे आहात. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी विटा दिवसभराचं ऊन ओकतायत. तुम्ही आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले, १९६० साली आलेले. हातात संगणकासाठी भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा आहे आणि तो पडू नये एवढीच देवाकडे प्रार्थना.

दार ढकललंत की गार हवा अंगावर येते. हा थाट माणसांसाठी नाही, हॉस्टेलमध्ये तर पंख्याचं वारंही गरमच. वातानुकूलन आहे ते आयबीएम १६२० या संगणकासाठी. गेल्या ऑगस्टमध्ये हे यंत्र अमेरिकेहून आलं. याच्या स्मृतीत फार तर साठ हजार अंक मावतात, तरी याच्यासमोर उभं राहिलं की हात आपोआप पुसले जातात.

गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढा. कार्डं सांडलीच, तर रेघ जुळवत पुन्हा क्रमाने लावता येतात. एका कार्डावर फोरट्रान या संगणकभाषेची एकच ओळ, ऐंशी रकान्यांत. आधी ती भाषा यंत्राला समजावणाऱ्या कंपायलरची कार्डं यंत्राला भरवायची, मग तुमची. एखादा स्वल्पविराम सुटला की यंत्र अडतं. मग पंचिंग मशीनपाशी जा, ते एक कार्ड नव्याने ठोका आणि परत रांगेत या.

खरी नवलाई यंत्राची नाहीच. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे (टीआयएफआर) स्वतः बांधलेला टिफ्रॅक संगणक आहे, कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत तर १९५५ पासून संगणक आहे. पण ती संशोधकांची यंत्रं, तिथे पदवीच्या पोराला कोण विचारतो? इथे मात्र बटणं तुम्हीच दाबताय, शेजारी कुणी ऑपरेटर नाही.

ही घडी बसवली हॅरी हस्की यांनी. बर्कलीचा हा प्राध्यापक एनिॲक या सुरुवातीच्या संगणकावर काम केलेला, पुढे इंग्लंडात ॲलन ट्युरिंगच्या प्रकल्पातही होता. तो कानपूरला येऊन फोरट्रान शिकवतो! यामागे एमआयटी, प्रिन्स्टन, बर्कली, पर्ड्यू धरून नऊ अमेरिकी संस्थांचा १९६२ पासूनचा करार आहे. तेव्हा इतर नव्या आयआयटींनाही कुणी ना कुणी पाहुणा होताच: पवईला युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदत, मद्रासला पश्चिम जर्मनी, दिल्लीला ब्रिटन.

पाहुणे कितीही बडे असले तरी घर कुणाचं, हे संचालक पु. का. केळकरांना पक्कं ठाऊक होतं. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवलेला, पवईच्या आयआयटीची आखणी केलेला हा माणूस १९५९ च्या डिसेंबरात कानपूरला आला. संस्था सुरू झाली ती हारकोर्ट बटलर इन्स्टिट्यूटच्या कॅन्टीनच्या इमारतीतल्या खोलीत. आता इथे भावी अभियंत्यांना मूलभूत विज्ञानाबरोबर मानव्यविद्याही शिकावी लागते. तुम्ही कुरकुरता. पुढे कळेल.

पहाटेचे तीन वाजतात. उत्तर आलंय आणि ते चुकलंय. चूक तुमचीच, यंत्र नामानिराळं.

आता झरझर पुढे चला. १९६६ मध्ये इथे आयबीएमचाच मोठा ७०४४ संगणक येतो. व्ही. राजारामन यांच्यासारखे इथलेच प्राध्यापक संगणकाची पिढी घडवतात. १९६९ साली नारायण मूर्ती इथून एमटेक होतात. १९७१ च्या युद्धात दिल्ली आणि वॉशिंग्टनचं बिनसतं, १९७२ मध्ये नऊ संस्थांचा तो करार संपतो. अमेरिकी प्राध्यापक परत जातात आणि वर्ग चालूच राहतात, कारण तोवर शिकवणारे आपले झालेले असतात. मात्र तुमच्या वर्गातले कितीतरी जण एव्हाना अमेरिकेत पोचलेत. पाहुण्यांनी आहेर व्याजासकट वसूल केला असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही. तरीही सौदा आपल्या फायद्याचाच झाला, असं माझं मत.

हल्ली कॉलेजांच्या जाहिरातींत परदेशी विद्यापीठांशी केलेल्या सामंजस्य करारांचे फोटो असतात: दोन फायली, हस्तांदोलन, मागे झेंडे. मुलाच्या प्रवेशाचे पैसे भरण्याआधी तिथे जाऊन एवढंच विचारा, रात्री अकराला प्रयोगशाळेचं दार कुणासाठी उघडं असतं?