मुलूखमैदानचा धक्का

एखादा वक्ता सभा गाजवू लागला की मराठीत त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतात. मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा राजा. मराठी जिभेने ‘मलिक’चा ‘मुलूख’ केला. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आलेले आहेत, त्यामुळे भाषेचा शिक्षक म्हणून मला ही चूक आवडते.

तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे, पण ओतली गेली अहमदनगरात, १५४९ साली, बुर्हान निजामशाहाच्या काळात. ओतणारा मुहम्मद रूमी. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. धातू घंटेचा, म्हणजे तांबे आणि कथील. वजन सुमारे ५५ टन, तोंडाचा व्यास सुमारे ७० सेंटीमीटर.

नववीच्या मुलांना सहलीला नेले होते. शेजारचा पाण्याचा हौद दाखवत वाटाड्याने नेहमीची गोष्ट सांगितली: बत्ती दिली की गोलंदाज कानठळ्यांपासून वाचायला पाण्यात बुडी मारायचा. एका मुलाने विचारले, “सर, तो आवाजाला भ्यायचा की तोफेला?”

मी उर्दू-मराठी शिकवतो, तरीही त्या रात्री विज्ञानाच्या सरांना सोबत घेऊन हिशेब मांडला. एवढ्या तोंडात बसणारा दगडी गोळा अर्ध्या टनाचा भरतो. तो सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला असे धरू (हा वेग आमचा अंदाज). गोळ्याला पुढे जेवढा संवेग, तेवढाच तोफेला मागे. तोफ गोळ्याच्या ११० पट जड, म्हणून तिचा वेग ११० पट कमी: सेकंदाला १.८ मीटर. झपाझप चालणाऱ्या माणसाइतका! पण ५५ टन धातू त्या चालीने मागे आला तर मागे उभ्या माणसाचे काय उरेल? गोलंदाजाने आवाजाला भ्यावे आणि तोफेलाही.

गंमत पुढे आहे. संवेग दोघांना सारखा मिळाला, तरी ऊर्जा सारखी मिळत नाही. गोळ्याच्या वाट्याला एक कोटी ज्यूल येतात, तोफेच्या वाट्याला जेमतेम नव्वद हजार. वजन वाढवण्याचा फायदा हाच. न्यूटनचे पुस्तक आले १६८७ मध्ये. रूमी उस्तादाकडे सूत्र नव्हते, अनुभव होता.

बंदुकीलाही हाच नियम. सिनेमात गोळी लागलेला माणूस उडून भिंतीवर आपटतो, ते खोटे. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७०० मीटर वेगाने येऊन सत्तर किलोच्या माणसात रुतली, तर त्याला सेकंदाला आठ सेंटीमीटरचा धक्का बसतो. माणूस जागीच कोसळतो. मारते ती त्या बारीक जागेत ओतली गेलेली ऊर्जा.

१५६५ च्या तालिकोटच्या लढाईत हीच तोफ होती असे मानतात. निजामशाही तोफखान्याच्या रूमी खानाने तोफांत तांब्याच्या पैशांच्या थैल्या भरल्या, असे फरिश्ता लिहितो. पैसा हलका आणि चपटा, हवेत त्याचा वेग लवकर मरतो. म्हणून समोरची फौज अगदी जवळ येईपर्यंत थांबायचे, तिचे चेहरे दिसेपर्यंत.

हे सांगताना तोच मुलगा म्हणाला, “म्हणजे आपण जिंकलो ना सर?” वर्गात काही मुले हसली, काही गप्प झाली. मी म्हणालो, “विजयनगरच्या फौजेत मुसलमान शिपाईही होते. त्या पैशांनी कुणाकुणाला वेचून बाजूला ठेवले असेल?” तो काही बोलला नाही. मलाही पुढे काय बोलावे सुचले नाही.

पुढे ही तोफ परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरारपंताने ती विजापूरला आणली, असे सांगतात. १६८६ मध्ये औरंगजेबाने शहर जिंकले आणि तिच्यावर आपलाही लेख कोरवला. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिला निरुपयोगी सामान ठरवून लिलावात काढले. सर्वात मोठी बोली आली १५० रुपये. एवढ्यात काय द्यायची, म्हणून ती तिथेच राहिली.