लॉरिन हिल : लोकप्रियता आणि कर्तेपणाचा प्रश्न

लोकप्रिय कलाकृतीचा इतिहास लिहिताना खपाचे आकडे सहज हाताशी येतात, आणि म्हणूनच ते अभ्यासकाची दिशाभूल करतात. अमेरिकन रॅपर-गायिका लॉरिन हिल हिच्या 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' (१९९८) या ध्वनिसंग्रहाच्या चार लाखांहून अधिक प्रती पहिल्याच आठवड्यात खपल्या. १९९९ साली त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. हिप-हॉप परंपरेतील संग्रहाला हा मान प्रथमच मिळत होता. त्यानंतर स्टुडिओत सिद्ध झालेला तिचा दुसरा एकल संग्रह आलेला नाही. या लोकप्रियतेने नेमके कोणाला 'कर्ता' मानले, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

न्यू जर्सीत वाढलेली हिल वायक्लेफ जाँ आणि प्राझ मिशेल यांच्यासह 'फ्यूजीज' या त्रयीतून पुढे आली. 'द स्कोअर' (१९९६) या त्यांच्या संग्रहात रोबर्टा फ्लॅकने १९७३ साली गाजविलेले गीत तिने नव्याने गायिले. तत्कालीन रॅपमध्ये कडव्यांचे पठण पुरुषाकडे आणि ध्रुपदाचे गायन स्त्रीकडे, अशी वाटणी बरीचशी रूढ होती. हिलने ती मोडली. 'डू वॉप' या गीतात ती एक कडवे स्त्रियांना, दुसरे पुरुषांना उद्देशून म्हणते आणि ध्रुपदही स्वतःच गाते. उपदेशक आणि उपदेश्य यांतील अंतर या सुरावटीमुळे कमी होते. केवळ आशयाची चिकित्सा करणाऱ्या समीक्षेला हे सहसा दिसत नाही.

संग्रहाचे शीर्षक कार्टर वुडसन यांच्या १९३३ सालच्या, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची मीमांसा करणाऱ्या ग्रंथाकडे निर्देश करते. आरंभी शाळेची घंटा होते, हजेरी घेतली जाते. हिलचे नाव पुकारले जाते आणि उत्तर येत नाही. गीतांच्या मधोमध मुले प्रेमाविषयी बोलत राहतात. शिक्षकाचा आवाज रास बराका यांचा आहे. कवी अमिरी बराका यांचे हे पुत्र २०१४ साली न्यूअर्कचे महापौर झाले. आत्मचरित्रपर मानल्या गेलेल्या या संहितेची चौकट अशी नायिकेच्या अनुपस्थितीवर आणि इतरांच्या संभाषणावर उभी आहे.

संहितेबाहेर मात्र याच्या उलट घडले. लेखन, संयोजन आणि निर्मिती यांचे श्रेय प्रामुख्याने हिलच्या नावावर होते. 'न्यू आर्क' या गटातील चार संगीतकारांनी १९९८ सालीच त्यावर दावा लावला. २००१ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली. रॅप हा मुळातच पूर्वध्वनींच्या पुनर्योजनेचा, सामूहिक व्यवहार. त्यातील एका स्त्रीच्या यशाला 'एकटीची प्रतिभा' हे रोमँटिक विशेषण लावण्याची घाई प्रसारमाध्यमांनी केली, आणि वाद उठताच तिच्या सर्वच श्रेयाविषयी संशय घेण्याची घाईही केली. दोन्ही टोकांना समूहात राहून कर्तेपण करणारी स्त्री ही शक्यताच बसत नाही.

तडजोडीनंतर काही महिन्यांनी, जुलै २००१ मध्ये, तिने 'एमटीव्ही अनप्लग्ड'साठी नवी गीते ध्वनिमुद्रित केली. साथीला फक्त तिचीच गिटार, आवाज बसलेला, गीतांमध्ये लांबलचक निवेदने. २००२ साली तो संग्रह प्रसिद्ध झाल्यावर अनेक समीक्षकांनी त्याला अपुरा, कच्चा म्हटले. मला तो तिच्या कारकिर्दीतील सर्वाधिक वाचनीय (हा शब्द येथे मुद्दामच वापरतो) दस्तऐवज वाटतो : ज्या एकटेपणाचे श्रेय तिला आधी बहाल केले गेले होते, ते येथे प्रत्यक्षात ऐकू येते, आणि श्रोत्यांना ते नको होते.