मागचा पडदा

आईवडिलांचा लग्नानंतरचा एक कृष्णधवल फोटो आमच्या घरी आहे. मनमाड स्टेशनाबाहेरच्या एका स्टुडिओत काढलेला. मागे तळं, तळ्यात होडी, काठाला माड. मनमाडात नळाला किती दिवसांनी पाणी यायचं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते तळं बघून हसूच फुटेल. चित्र जिथं संपतं तिथं कोबा सुरू होतो; कोब्यावर वडिलांचे पॉलिश केलेले बूट आणि आईच्या कोऱ्या चपला. बांबूला गुंडाळून ठेवायच्या त्या पडद्यावर एक आडवी सुरकुती आहे, ती नेमकी होडीवरून गेलेली. कोट स्टुडिओचाच होता, पाठीला चिमटे लावून बसवलेला, असं वडील सांगायचे.

हा पडदा आला कुठून? मूळ शोधत गेलं तर आधी कात्री लागते. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्याच काळातल्या विल्यम जॉन्सनने मुंबईत राहणाऱ्या नाना जातीजमातींच्या लोकांचे फोटो दोन खंडांत छापले, 1863 आणि 1866 साली. त्यातली गंमत अशी की, माणसं उभी केली एकीकडे आणि देखावा टिपला दुसरीकडे. मग माणसं कापून देखाव्यावर चिकटवली. आज कुणी हेच केलं तर प्रदर्शन भरेल आणि त्याला प्रयोगशील म्हणतील. जॉन्सनला मात्र ते चित्र खरंच वाटायला हवं होतं.

दर गिऱ्हाइकामागे कात्री चालवणं कुठल्या स्टुडिओला परवडणार? त्यापेक्षा देखावाच रंगवून टांगलेला बरा. आणि देखावे रंगवणारे हात आपल्याकडे तयार होतेच, नाटकांत. पारशी कंपन्यांनी आणि मागोमाग संगीत नाटकांनी जंगलाचा, महालाचा, रस्त्याचा असे पडदे ठरवून टाकले होते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता ‘पेंटर’ झाले, ते आडनावच चिकटलं, आणि पुढे सिनेमाकडे वळले. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके तर तिन्ही घाटांचं पाणी प्यालेले: गोध्र्याला फोटो स्टुडिओ, मग नाटकांचे पडदे रंगवणं, आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’. नाटक, फोटो आणि सिनेमा ही तीन वेगळी खाती आहेत असं त्या पिढीला कधी वाटलंच नसावं.

पॅरिसमध्येही हेच घडलं, फक्त उलट्या टोकाने. आयर्विंग पेन 1950 साली ‘व्होग’साठी तिथं फॅशनचे फोटो काढायला गेला आणि त्याला नाटकाचा एक जुना पडदा मिळाला. त्यावर करड्या ढगांसारखे पुसट डाग. ना तळं, ना महाल. जगातले भारीतले भारी पोशाख त्याने त्या जुनेरापुढे उभे केले आणि तो पडदा हयातभर सांभाळला. आपले स्टुडिओवाले मागे जितकं भरता येईल तितकं भरत होते. पेनने मागचं सगळं काढून घेतलं.

मराठीत ही रिकामी पाठ लोकांच्या नजरेत बसवली ती छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांनी. त्यांच्या ‘चेहरे’मधले फोटो बघा: मऊ प्रकाश, माणूस, बस. आणि गंमत म्हणजे नेमक्या त्याच सुमारास, 2000 नंतर, पुष्पमाला एन. यांच्यासारख्या कलावंत रंगवलेले पडदे मुद्दाम परत आणत होत्या, स्वतःच वेश करून त्यांच्यापुढे उभ्या राहत होत्या. गावोगावचे स्टुडिओ ज्याची लाज वाटून माळ्यावर टाकत होते, ते कलादालनात मानाने लागलं.

आमच्याकडे मात्र पडद्याचा पुढचा अवतार मनमाडहून तासाभरावर, मालेगावात झाला. शेख नासिर आणि मंडळींनी आपल्या सिनेमासाठी हिरवं कापड टांगून आपला काटकुळा सुपरमॅन उडवला. 2008 च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ती सगळी धडपड दिसते. हिरवं कापड म्हणजे जॉन्सनची कात्रीच, फक्त आता ती संगणकाच्या हातात आहे.

मनमाडच्या स्टेशनाबाहेरचे स्टुडिओ चालायचे ते गाडी बदलणाऱ्यांवर आणि 1906 पासूनच्या रेल्वे कारखान्यातल्या कामगारांवर. आता तिथं पासपोर्ट साइज आणि झेरॉक्स. जोडपी फोटोसाठी अंकाईला जातात. गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या प्री-वेडिंगला ताईबरोबर मीही सामान धरायला गेलो होतो. तिच्या अंगावर येवल्याची पैठणी, पायात स्पोर्ट्स शूज, कारण चढ आहे आणि पाय फोटोत येणार नव्हते. समोर अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले, पलीकडे अंगठ्यासारखी हडबीची शेंडी, वर चैत्रातलं पांढरंफटक आभाळ. मला वाटलं, एवढं असताना आणखी काय हवं.

फोटोग्राफर पोराने मोबाइल पुढे केला. त्यात वीस-पंचवीस आभाळं होती. ‘‘एडिटिंगला बदलून देतो, मावशी. कुठलं टाकू?’’

ताईनं पावसाळी निवडलं.