काचबिंदूचे थेंब आणि पारपटल : नेत्रदाबमापनाच्या इतिहासातील एक पेच

प्रस्तावना :
काचबिंदूमध्ये दृष्टिचेतेचा ऱ्हास होतो आणि गेलेली दृष्टी परत मिळत नाही. नेत्रदाब कमी करणे हाच या विकारावरील उपचारांचा मुख्य आधार आहे. हा दाब डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्यावरून, म्हणजेच पारपटलावरून (कॉर्निया) मोजला जातो आणि औषधाचे थेंबही त्याच पारपटलावर पडतात. औषध आणि मापन यांच्यातील हा संबंध वैद्यकाच्या ध्यानात कसा येत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मापनाचा पाया :
एकोणिसाव्या शतकात नेत्रवैद्य मिटलेल्या पापणीवरून बोटांनी डोळ्याचा कठीणपणा अजमावीत. १९०५ मध्ये नॉर्वेतील शियोट्झ यांनी आपले दाबमापक सादर केले. पुढे १९५० च्या दशकात बर्न येथील हान्स गोल्डमन यांनी पारपटलाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करण्यास लागणाऱ्या बलावरून दाब मोजण्याची पद्धत सिद्ध केली. पारपटलाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते, हे तिचे गृहीतक होते. १९७५ मध्ये डेन्मार्कचे नील्स एलर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पातळ पारपटलावर दाब प्रत्यक्षाहून कमी नोंदला जातो, हे दाखवून दिले. २००५ मध्ये डेव्हिड ल्यूस यांनी हवेच्या झोताने पारपटलाची ताण शोषून घेण्याची क्षमता मोजण्याची पद्धत मांडली. त्यामुळे जाडीबरोबरच बळकटीचाही विचार होऊ लागला.

औषधांची वाटचाल :
१८७६ मध्ये लुडविग लाकर यांनी काचबिंदूवर फायसोस्टिग्मिन वापरले. अमेरिकेत १९७८ मध्ये टिमोलॉल, १९९४ मध्ये डॉर्झोलामाइड आणि १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट या थेंबांना मान्यता मिळाली. लॅटानोप्रोस्ट हे प्रोस्टाग्लँडिन वर्गातील औषध आहे. या वर्गातील औषधे कोलॅजनचे विघटन करणाऱ्या विकरांची क्रिया वाढवितात. त्यामुळे डोळ्यातील द्रवाला बाहेर पडण्याची वाट मोकळी होते.

पारपटलावरील परिणाम :
पारपटलाची बळकटीही मुख्यतः कोलॅजनच्या तंतूंवरच अवलंबून असते. प्रोस्टाग्लँडिन थेंबांच्या दीर्घ वापरानंतर पारपटलाची जाडी किंचित घटल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. याउलट, डॉर्झोलामाइड पारपटलाच्या अंतःस्तरातील विकरास रोखते; त्यामुळे जाडी किंचित वाढू शकते. वक्रतेतील बदलांविषयीचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. शिवाय दाब उतरला की पारपटलाचे यांत्रिक वर्तनही बदलते. त्यामुळे औषधाचा प्रत्यक्ष परिणाम आणि दाब उतरल्याचा परिणाम वेगळे करणे कठीण जाते.

यातूनच खरा पेच निर्माण होतो. थेंबांनी पारपटल पातळ वा मऊ झाले, तर नोंदलेल्या घटीचा काही अंश केवळ मापनातील फरक असू शकतो आणि रुग्णाला वाटतो तेवढा दाब उतरलेला नसतो.

समारोप :
तथापि यावरून औषध निष्फळ ठरत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ५१६ रुग्णांच्या चाचणीत यशाचा निकष दाब नव्हता, तर दृष्टिक्षेत्र हा होता. तीत औषधाविना थेंब घेणाऱ्यांपैकी २५.६ टक्के, तर लॅटानोप्रोस्ट घेणाऱ्यांपैकी १५.२ टक्के रुग्णांचे दृष्टिक्षेत्र दोन वर्षांत ढासळले. हा पुरावा पारपटलाच्या मध्यस्थीवर अवलंबून नाही. म्हणूनच दाबाचा आकडा हा उपचाराचा मार्गदर्शक मानावा, अंतिम निर्णय मात्र दृष्टिचेता आणि दृष्टिक्षेत्र यांच्या तपासणीवर सोपवावा, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.