जुन्या पियानोंचा संग्रह : रसास्वाद आणि जतन यांतील द्वंद्व

प्रस्तावना

जुने वाद्य जवळ बाळगण्यात दुहेरी आनंद असतो. एक डोळ्यांचा, दुसरा कानांचा. नाणे किंवा चित्र जपून ठेवले म्हणजे संग्राहकाचे कर्तव्य बहुतांशी पूर्ण होते. वाद्याचे तसे नाही. वाजल्याखेरीज वाद्याचे वाद्यपण सिद्ध होत नाही आणि वाजले की ते झिजते. पियानोच्या बाबतीत हा पेच विशेष तीव्र होतो. लाकूड, चामडे, लोकर, तार आणि हस्तिदंत अशा निरनिराळ्या गतीने जीर्ण होणाऱ्या द्रव्यांचे ते एक यंत्र आहे. जुना पियानो ही शोभेची वस्तू, वाजविण्याचे वाद्य की इतिहासाचे साधन, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उगम आणि तीन साक्षीदार

पियानोचा जनक बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी (१६५५–१७३१) हा फ्लॉरेन्स येथे मेदिची घराण्याच्या सेवेत होता. त्या घराण्याच्या १७०० मधील वाद्यांच्या यादीत मृदू आणि तीव्र असे दोन्ही स्वर देणाऱ्या त्याच्या नव्या वाद्याची नोंद आढळते. तत्पूर्वीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जात असे. त्यामुळे बोटांच्या दाबाने आवाज लहानमोठा करण्यास फारसा वाव नव्हता. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडीचा आघात करून ती तत्काळ मागे घेणारी यंत्रणा रचली आणि वादकाच्या स्पर्शाला अर्थ प्राप्त झाला.

त्याचे केवळ तीन पियानो आज अस्तित्वात आहेत. १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात, १७२२ चा रोममध्ये आणि १७२६ चा लाइपझिग विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. यांपैकी न्यूयॉर्कचा पियानो वाजविता येतो. परंतु १९३८ मध्ये त्याचा ध्वनिफलक बदलण्यात आला आणि त्याच्या स्वरपट्ट्यांची मूळ व्याप्तीही बदललेली आहे. साहजिकच त्यातून आज उमटणारा नाद क्रिस्तोफोरीच्या कानांनी ऐकला होता, असे म्हणता येत नाही. रोमचा पियानो किडीने पोखरलेला असल्याने मुका आहे. तथापि त्याची मूळ रचना अभ्यासकाला बरेच काही सांगू शकते. जो बोलतो त्याची साक्ष संशयास्पद आणि जो गप्प आहे तो अधिक विश्वसनीय, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

विकास की स्थित्यंतर?

एकोणिसाव्या शतकात पियानोचे रूप पालटले. मोत्सार्टने व्हिएन्नात वापरलेला आंतोन वाल्टरचा पियानो आज साल्झबुर्ग येथे जतन केला आहे. त्याला पाच सप्तके म्हणजे ६१ पट्ट्या आहेत; सांगाडा लाकडी आणि हातोड्या चामड्याने मढविलेल्या. पुढे सभागृहे विस्तारली, श्रोते वाढले आणि मोठ्या आवाजाची गरज भासू लागली. १८२५ मध्ये बॉस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने एकसंध ओतीव बिडाच्या चौकटीचे पेटंट घेतले. १८५९ मध्ये स्टाइनवे यांनी मोठ्या पियानोत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेण्याच्या रचनेचे पेटंट मिळविले. चामड्याच्या जागी लोकरीचा नमदा आला, पट्ट्या ८८ झाल्या आणि तारांचा एकूण ताण सुमारे वीस टनांपर्यंत पोहोचला.

या बदलाने वाद्याला दमदार, दीर्घ आणि एकसारखा नाद लाभला. पण काही गमावलेही. जुन्या पियानोत खर्ज, मध्य आणि तार या सप्तकांचे रंग वेगवेगळे असतात. स्वर लवकर विरतो, म्हणून डाव्या हाताचे दाट स्वरसमूहही स्पष्ट ऐकू येतात. मोत्सार्टची रचना अशा वाद्यावर ऐकताना संगीतकाराने कोणत्या नादासाठी लिहिले होते, याचा उलगडा होतो. जुन्या पियानोच्या रसास्वादाचे मर्म येथे आहे. तो आधुनिक पियानोची अपरिपक्व अवस्था नसून स्वतंत्र नादकल्पना असलेले वाद्य आहे.

ही दृष्टी मात्र उशिरा आली. १९०४ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे पियानो-विक्रेत्यांनी जुन्या चौकोनी पियानोंची जाहीर होळी केली. नव्या मालाच्या खपापुढे जुन्या वाद्यांना जळाऊ लाकडाची किंमत उरली होती.

संग्राहकांचे कार्य

ही दृष्टी पालटण्यात खाजगी संग्राहकांचा वाटा मोठा आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील फिंचकॉक्स या वास्तूत रिचर्ड बर्नेट यांनी १९७१ पासून जुन्या पियानोंचा संग्रह लोकांसाठी खुला केला. तेथे वाद्ये पाहणाऱ्यांना ती ऐकविलीही जात. मात्र २०१५ मध्ये हे संग्रहालय बंद झाले आणि पुढील वर्षी बहुसंख्य वाद्यांचा लिलाव होऊन ती विखुरली. संग्राहकाचे आयुष्य संपते, वाद्याचे नाही. हा धडा त्यातून मिळतो.

दुसरे उदाहरण अधिक आशादायी आहे. अ‍ॅलेक कॉब यांनी १९८८ मध्ये दोन हजार पौंडांना एक जुना प्लेयेल पियानो विकत घेतला. त्यावरील १३८१९ हा क्रमांक अभ्यासक झाँ-झाक एगेल्डिंगर यांनी प्लेयेलच्या जुन्या नोंदवह्यांशी ताडून पाहिला, तेव्हा २००७ मध्ये उघड झाले की, शोपँने १८४८ च्या इंग्लंड दौऱ्यात नेलेला पियानो तो हाच. वाद्यावरील एका क्रमांकाने कागदपत्रांतील इतिहास आणि लाकडातील इतिहास एकत्र आणला. तो क्रमांक दुरुस्तीच्या ओघात खरवडला गेला असता, तर हा दुवा कायमचा निखळला असता.

दुरुस्तीचा पेच

आपल्याकडील अनुभव येथे तुलनेसाठी उपयोगी पडतो. तंबोऱ्याची घोडी झिजली की मिरजेचा कारागीर तिची जवारी पुन्हा काढतो आणि त्यामुळे वाद्याचे प्रामाण्य भंगले, असे कोणी मानीत नाही. कारण ते ज्ञान कारागिराच्या हातात आणि कानात जिवंत आहे. क्रिस्तोफोरीच्या किंवा वाल्टरच्या कारागिरीची परंपरा मात्र खंडित झाली. जेथे परंपरा तुटते, तेथे मूळ तुकडा हेच पुस्तक ठरते. तो फेकून देणे म्हणजे एकमेव पोथीचे पान फाडणे होय.

लंडनच्या ब्रॉडवुड यांनी बीथोव्हनला पाठविलेला पियानो १८१८ मध्ये व्हिएन्नास पोहोचला, तेव्हा त्याची श्रवणशक्ती जवळजवळ लोपली होती. पुढे तो फ्रांझ लिस्टकडे आला व त्याच्याकडून बुडापेस्टच्या हंगेरियन राष्ट्रीय संग्रहालयात गेला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात दुरुस्तीनंतर तो पुन्हा वाजविण्यात आला. मालकाने क्वचितच नीट ऐकलेला स्वर जगाने ऐकला, हे समाधान थोडे नाही. पण अशा प्रत्येक दुरुस्तीची किंमत मूळ द्रव्याच्या रूपाने मोजावी लागते.

या आनंदाला नैतिक बाजूही आहे. जुन्या पट्ट्यांवरील हस्तिदंत आफ्रिकेतील असंख्य हत्तींच्या संहारातून आला. १९८९ मध्ये आफ्रिकी हत्तीच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. जुन्या पियानोचे सौंदर्य वाखाणताना हा इतिहास नजरेआड करता येणार नाही.

समारोप

जुन्या पियानोंच्या बाबतीत सरसकट एक नियम लावणे योग्य नाही. ज्या घडणीची मोजकीच वाद्ये उरली आहेत, ती मौन राखू द्यावीत. त्यांची मोजमापे घेऊन प्रतिकृती घडवाव्यात आणि नाद त्या प्रतिकृतींतून ऐकावा. जी वाद्ये मोठ्या संख्येने घडली व टिकली, ती जाणत्या हातांनी दुरुस्त करून वाजती ठेवावीत. मात्र बदललेला प्रत्येक भाग जपून ठेवावा आणि केलेल्या कामाची नोंद वाद्यासोबत राहावी. अशा वाद्याचा मालक हा खऱ्या अर्थाने त्याचा विश्वस्त असतो. वाद्य आपल्यानंतरही कोणीतरी ऐकणार आहे, या जाणिवेने ते सांभाळण्यातच त्याच्या मालकीचा खरा आनंद आहे.